दर केंद्रामागे तीन मते

अहिल्यानगरहून निघालेली गाडी कडा मागे टाकून आष्टीच्या माळावरून पुढे सरकू लागली आणि दूरवर बालाघाटाच्या टेकड्या दिसू लागल्या, तेव्हा डब्यातली निम्मी माणसे खिडक्यांशी जाऊन उभी राहिली. कारण ज्या रुळांसाठी ह्या जिल्ह्याच्या दोन-तीन पिढ्यांनी अर्ज केले, मोर्चे काढले आणि प्रत्येक निवडणुकीत आश्वासने ऐकली, ते रूळ बीड शहरापर्यंत पोचले ते १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, आणि माझी फेरी त्यानंतरच्या थोड्याच दिवसांतली. समोरच्या बाकावर पटका बांधलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. बीडला कशासाठी, असे त्यांनी विचारले. लोकसभेच्या निकालावर लिहायचे आहे, एवढेच मी म्हणालो. वर्ष कोणते, उमेदवार कोण, हे मी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. खिडकीबाहेर पाहत ते एवढेच म्हणाले : ‘‘सहा हजार पाचशे त्रेपन्न.’’

संपादकांनी ह्या अंकासाठी ‘निसटती बाजू’ असा विषय योजला होता. इतक्या मोठ्या महाराष्ट्रात मी त्यासाठी बीडच का निवडले, ह्याचे उत्तर त्या गृहस्थांच्या आवाजात होते. माणसाला आपल्या शेताचा गट क्रमांक पाठ असतो, तसा येथे एका मतमोजणीचा फरक सव्वा वर्षानंतरही माणसांच्या तोंडी आहे.

दहा वर्षांचा उतार

१३ मे २०२४ रोजी बीड लोकसभा मतदारसंघात मतदान झाले आणि ४ जूनला मोजणी झाली. भारतीय जनता पक्षाच्या पंकजा मुंडे ह्यांना ६,७७,३९७ मते पडली. शरद पवारांच्या राष्ट्रवादी पक्षाचे बजरंग सोनवणे ह्यांना ६,८३,९५०. वजाबाकी गाडीतल्या गृहस्थांनी सांगितलेलीच आहे. जिल्ह्यात मतदान केंद्रे तेवीसशेहून अधिक असल्यामुळे दर केंद्रामागे हा फरक तीन मतांचाही पडत नाही. प्रत्येक केंद्रावरची दोन माणसे ह्या बाजूची त्या बाजूला गेली असती, तर दिल्लीला जाणारा माणूस वेगळा असता.

ह्या आकड्याचा भार समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. जून २०१४ मध्ये बीडचे खासदार गोपीनाथ मुंडे अपघाती निधन पावले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या कन्या प्रीतम मुंडे ६,९६,३२१ मतांच्या आधिक्याने निवडून आल्या. ते शोकाकुल जिल्ह्याचे मतदान होते. मते मोजली गेली खरी, पण त्या दिवशी बीडने निवड केली असे म्हणण्यापेक्षा निरोप दिला असे म्हणणे अधिक उचित होईल. २०१९ मध्ये त्याच प्रीतम मुंडे ह्यांच्यासमोर बजरंग सोनवणे उभे राहिले आणि १,६८,३६८ मतांनी पराभूत झाले. पाच वर्षांनी तेच सोनवणे पुन्हा आले, समोर प्रीतम ह्यांची थोरली बहीण पंकजा होती, आणि ह्या वेळी पारडे उलटले.

लोक बोलताना सर्रास म्हणतात की मुंडे घराण्याची मते फुटली. आकडे तसे सांगत नाहीत. २०१९ मध्ये प्रीतम मुंडे ह्यांना ६,७८,१७५ मते होती. २०२४ मध्ये पंकजा मुंडे ह्यांना मिळालेली मते त्याहून केवळ ७७८ नी कमी. म्हणजे एका बाजूची रास जवळजवळ जशीच्या तशी राहिली आणि दुसरी रास पावणेदोन लाखांनी वाढली. ही वाढ कोठून आली, हे बीडमध्ये कोणाला विचारावे लागत नाही. २०२३ च्या उत्तरार्धात मराठा आरक्षणाचे आंदोलन पेटले; त्याचे नेते मनोज जरांगे मूळचे ह्याच जिल्ह्यातल्या मातोरीचे; त्या वर्षी ३० ऑक्टोबरला माजलगावात आणि बीड शहरात लोकप्रतिनिधींची घरे जाळली गेली; आणि ओबीसी समाजात आपल्या वाट्याला हात लागतो की काय, ही धास्ती तितक्याच वेगाने पसरली. मतदानाच्या दिवशी पुष्कळ माणसे उमेदवाराला नव्हे, आपल्या समाजाला मत देण्यासाठी रांगेत उभी होती. परळी आणि आष्टी ह्या भागांनी मुंडे ह्यांना आधिक्य दिले, बीड आणि गेवराई ह्यांनी सोनवणे ह्यांना. नकाशावर दोन रंग दिले तर जिल्हा जणू मधोमध उसवलेला दिसतो.

कोतवाल कोणी नेमावा

मतांच्या मोजणीवर अधिकारपद ठरावे, ही रीत सगळीकडे आणि सदैव नव्हती. अमेरिकेत परगण्यापरगण्यातून शेरीफ, म्हणजे कायदा-सुव्यवस्थेचा प्रमुख अधिकारी, लोकांच्या मतांनी निवडला जातो आणि तेथेही अशा निवडणुका मूठभर मतांवर अडून कोर्टकज्ज्यात सापडतात. आपल्याकडे मुंबईचा शेरीफ, ज्याला आपण नगरपाल म्हणतो, तो शासनाने नेमलेला मानाचा मनुष्य. निजामाच्या राजवटीत बीडच्या गावांत पोलीस पाटील, माली पाटील आणि पटवारी हे वतनदार होते. तेथे मोजण्यासारखे काही नव्हते, बाप गेला की मुलगा रुजू होई. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी गेली, १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटलाची नेमणूक सरकारकडे आली, आणि गावाच्या हाती निवडीसाठी उरला तो सरपंच. त्या सरपंचाचीही थेट निवड २०१७ साली सुरू झाली, २०२० साली बंद पडली आणि २०२२ साली पुन्हा आली. ज्या मुलखाला दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत अधिकारपद हे जन्माने मिळते एवढेच ठाऊक होते, तो आज मतामतासाठी रात्र जागवतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते आणि म्हणूनच त्या रात्रीची कहाणी बारकाईने सांगावीशी वाटते.

मोजणीच्या जाळीआड

महसूल खात्यातून निवृत्त झालेले आणि अनेक मोजण्यांत टेबलाशी बसलेले एक नायब तहसीलदार मला बीडमध्ये भेटले. बिंदुसरा नदीच्या काठाजवळच्या आपल्या घरी त्यांनी जेवणाच्या ताटाभोवती वाट्या मांडून मला मोजणीचे दालन समजावले. विधानसभा मतदारसंघाचे एक दालन, बहुधा चौदा टेबले. टेबलाच्या एका अंगाला पर्यवेक्षक, त्याचा साहाय्यक आणि सूक्ष्म निरीक्षक. दुसऱ्या अंगाला तारेची जाळी आणि जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी. यंत्राला हात लावण्याचा अधिकार जाळीअलीकडच्यांचा, पाहण्याचा आणि लिहून घेण्याचा जाळीपलीकडच्यांचा. चौदा टेबलांवर चौदा केंद्रांची यंत्रे एकदा मोजून झाली म्हणजे एक फेरी. बीडची मोजणी अशा तिसाहून अधिक फेऱ्या चालली.

सकाळी आठला टपाली मते उघडतात आणि अर्ध्या तासाने यंत्रे येऊ लागतात. पेटीतून निघालेल्या नियंत्रण यंत्राचा क्रमांक प्रथम मोठ्याने वाचायचा, मोहोर आणि हिरवी कागदी पट्टी अभंग आहे हे जाळीपलीकडच्यांना दाखवायचे, मग निकालाच्या बटणावरचे आवरण फाडून ते दाबायचे. यंत्र आधी एकूण मते दाखवते आणि त्यानंतर एकेका उमेदवाराची. बीडमध्ये उमेदवार होते एकेचाळीस. वर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय. त्यामुळे केंद्रावर मतदारासमोर एक नव्हे, तीन मतपत्र-यंत्रे ओळीने मांडावी लागली. आणि मोजणीच्या वेळी प्रत्येक यंत्रातून बेचाळीस आकडे एकामागून एक पडद्यावर उमटत गेले, ते जाळीपलीकडच्या माणसांनी बोटभर पेन्सिलीने उतरवून घेतले. एक आकडा निसटला तर पर्यवेक्षकाला विनंती करून पुन्हा बटण दाबून घ्यायचे. तेवीसशेहून अधिक यंत्रे आणि प्रत्येकी बेचाळीस आकडे असा तो दिवस होता. बाहेर उन्हात उभ्या राहिलेल्या गर्दीला मोजणी मुद्दाम लांबवली जात आहे असे वाटत होते. आत मात्र माणसे आकडे लिहून लिहून थकली होती.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना कळत नाही. ज्या विधानसभा मतदारसंघात केंद्रे कमी, तेथील मोजणी आधी आटोपते. जेथे केंद्रे अधिक, तेथील शेवटच्या फेऱ्या एकट्याच चालू राहतात. त्यामुळे दिवस मावळल्यावर येणाऱ्या फेऱ्या साऱ्या जिल्ह्याच्या नसतात, एखाद्याच भागाच्या असतात, आणि त्या भागाचा कल ज्या बाजूला असेल त्या बाजूची आघाडी झरझर वाढते किंवा झरझर वितळते. त्या संध्याकाळी आघाडी एकदा इकडे आणि एकदा तिकडे होत राहिली. दूरचित्रवाणीवर कधी एकाचे नाव झळकले, कधी दुसऱ्याचे. दोन्ही बाजूंनी गुलाल फोडला आणि दोन्ही बाजूंच्या हातातच तो राहिला. ह्यात कोणाची लबाडी असण्याचे कारण नव्हते, फेऱ्यांचा क्रमच तसा होता. पण ज्याची आघाडी रात्री वितळते त्याला हा क्रम कोण समजावून सांगणार!

शेवटची फेरी आटोपली तरी काम उरते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निर्णयानुसार प्रत्येक विधानसभा मतदारसंघातली पाच केंद्रे चिठ्ठी टाकून निवडायची आणि तेथल्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मताची कागदी चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठ्या हातांनी मोजून यंत्राशी ताडायच्या. सहा मतदारसंघांची मिळून तीस केंद्रे झाली. चिठ्ठ्या ठेवण्यासाठी खण केलेला एक जाळीदार कप्पा असतो, आणि बँकेचा रोखपाल जशा नोटा मोजतो तशा त्या पंचवीस-पंचवीसच्या गड्ड्यांनी मोजतात, असे नायब तहसीलदारांनी सांगितले. सांगताना त्यांची बोटे आपोआप चिठ्ठ्या मोजू लागली होती.

कोयता गावी असतो तेव्हा

बीडच्या मतदानाचा विचार ऊसतोडीवाचून होत नाही. दसरा-दिवाळी आटोपली की ह्या जिल्ह्यातून लाखो माणसे, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता ह्या हिशेबाने, मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. गोपीनाथ मुंडे ह्यांचे नेतृत्व ह्याच मजुरांच्या संघटनेतून बळावले. मे महिन्यातले मतदान म्हणजे कोयता घरी असतानाचे मतदान. नोव्हेंबरातल्या विधानसभेच्या वेळी मात्र त्याच माणसाला फडावरून गाडीत घालून आणावे लागते, कोणाची गाडी, कोणाचे डिझेल आणि बुडालेल्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची, ह्याची मसलत आठ-आठ दिवस चालते. मे २०२४ मध्ये सत्तर टक्क्यांच्या वर मतदान झाले, त्यात गावी असलेल्या ह्या कोयत्याचा वाटा मोठा. आपण मोजतो ती मते कोणा सुखवस्तू नागरिकाने सकाळी फिरून येताना दिलेली नसतात. उन्हाच्या तडाख्यात, अंगावर उचलीचे ओझे असलेल्या माणसाने रांगेत उभे राहून दिलेली असतात. त्यातले एक मत जरी चुकीच्या रकान्यात पडले तरी मन अस्वस्थ व्हावे, ते ह्यासाठी.

तुतारी आणि पिपाणी

आणि मते चुकीच्या रकान्यात पडली, असे सोनवणे ह्यांच्या पक्षाचे म्हणणे होते. पक्ष फुटल्यावर शरद पवारांच्या बाजूला नवे चिन्ह मिळाले : तुतारी वाजवणारा माणूस. निवडणूक आयोगाच्या मुक्त चिन्हांच्या यादीत ट्रम्पेट नावाचे एक इंग्रजी वाद्य होते आणि त्याचे मराठी भाषांतर कोणा लेखनिकाने ‘तुतारी’ असेच करून ठेवले होते. गावच्या भाषेत ती पिपाणी. बीडमध्ये हे चिन्ह एका अपक्षाला मिळाले, ज्याच्या सभा कोणाच्या आठवणीत नाहीत, आणि त्या अपक्षाला ५४,८५० मते पडली. अंतिम फरकाच्या आठपटींहून अधिक.

ही सारी मते चुकून पडली असे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. मतदाराच्या मनात शिरून पाहण्याचे साधन नाही. पण तीन यंत्रे ओळीने मांडलेली, एकेचाळीस नावे, अक्षरओळख बेताची, कानांत प्रचाराचा एकच शब्द ‘तुतारी’, आणि समोर दोन ठिकाणी तुतारीशी साम्य असलेली चित्रे, अशा स्थितीत माझ्या आजीचे बोट कोठे गेले असते, ह्याची मला खात्री देता येत नाही. साताऱ्यात त्याच निवडणुकीत पिपाणीला मिळालेली मते त्या पक्षाच्या पराभवाच्या फरकाहून अधिक होती. विधानसभेच्या वेळी पक्षाने पुन्हा तक्रार केली. आयोगाने पक्षाचे चिन्ह मोठ्या आकारात छापण्याचे मान्य केले, पण पिपाणी यादीतून काढली नाही. हा निर्णय मला पटलेला नाही. भाषांतराची एक चूक अर्ध्या लाख माणसांच्या बोटांना फसवण्याइतकी मोठी असू शकते, हे ध्यानात आल्यावर ती सुधारणे हे आयोगाचे कर्तव्य होते.

हरकत

त्या रात्री पंकजा मुंडे ह्यांच्या बाजूने फेरमोजणीची मागणी झाली. कायदा असे सांगतो की अंतिम बेरीज जाहीर झाल्यावर, निकालपत्रावर सही होण्यापूर्वी, उमेदवाराने लेखी अर्ज करावा आणि कारणे द्यावीत. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो अर्ज मान्य करावा, अंशतः मान्य करावा वा नामंजूर करावा, पण कारणे लिहून. एकदा सही-शिक्का झाला की जिल्ह्याचा अधिकार संपला. पुढचा रस्ता उच्च न्यायालयाचा; मुदत पंचेचाळीस दिवसांची; आणि तेथे केवळ फरक थोडा होता एवढे सांगून भागत नाही, अमुक ठिकाणी अमुक गैरप्रकार झाला आणि त्यामुळे निकालच बदलला असता, हे दाखवावे लागते. गावच्या सरपंचाचा वाद मात्र पंधरा दिवसांच्या आत दिवाणी न्यायाधीशापुढे जातो. मतदानानंतर बोगस मतदानाच्या तक्रारी झाल्या, मोजणीनंतर शंका व्यक्त झाल्या. अखेर रात्री उशिरा जो आकडा जाहीर झाला तोच कायम झाला आणि सोनवणे लोकसभेत गेले.

ज्यांना साडेसहा हजार थोडे वाटतात त्यांनी मुंबई वायव्य मतदारसंघाकडे पाहावे. तेथे त्याच दिवशी यंत्रांतील बेरजेत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळवल्यावर रवींद्र वायकर अठ्ठेचाळीस मतांनी निवडून आले. ३३३ मतदारांच्या नावांवर आधीच दुसरे कोणी मत देऊन गेले होते, असा कीर्तिकर ह्यांचा दावा होता. अशा वेळी खऱ्या मतदाराला कागदी मतपत्रिका देतात. तिला प्रदत्त मत म्हणतात आणि ते पाकिटात वेगळे ठेवले जाते. उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती याचिका फेटाळली. २०१७ साली मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात तर दोन्ही उमेदवारांना ५,९४६ अशी समसमान मते पडली आणि निकाल चिठ्ठीवर लागला. समान मते पडली तर काय करावे हे कायद्याला ठाऊक आहे. हरलेल्या बाजूने तो निकाल मनाने कसा स्वीकारावा, ह्यासाठी त्यात एकही कलम नाही.

बीडमध्ये हा स्वीकार फार महाग पडला. निकालानंतरच्या दिवसांत पराभव असह्य होऊन काही तरुण समर्थकांनी आपले जीवन संपवले. पंकजा मुंडे त्यांच्या घरी गेल्या आणि असे पाऊल कोणी उचलू नये म्हणून त्यांनी लोकांना विनवले. अमक्याच्या दुकानातून जिन्नस घ्यायचा नाही, तमक्याच्या हॉटेलात चहा प्यायचा नाही, अशा शपथा काही ठिकाणी उघडपणे घेतल्या गेल्या. पुढे पंकजा मुंडे विधान परिषदेवर गेल्या, मंत्री झाल्या. सोनवणे संसदेत जिल्ह्याचे प्रश्न मांडू लागले. नेत्यांची आयुष्ये मार्गी लागली. ज्या गावांत दोन्ही बाजूंची घरे भिंतीला भिंत लावून उभी आहेत तेथील हिशेब मात्र इतक्या लवकर मिटला नाही.

सतरा-सी

केज तालुक्यातल्या अशाच एका गावी मी शेवटच्या दिवशी गेलो. मतदानाच्या दिवशी केंद्रात पोलिंग एजंट म्हणून बसलेल्या एका शेतकऱ्याला मला भेटायचे होते. ते कोणत्या बाजूने बसले होते हे येथे लिहीत नाही. त्यांनीच तशी इच्छा दर्शवली. ओसरीवर घोंगडी अंथरून त्यांनी बसवले, सुनेने चहा आणला, आणि मग आत जाऊन त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. सातबारा, सोसायटीच्या पावत्या, मुलीच्या लग्नाची यादी, आणि ह्या सगळ्यांच्या मधे प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला एक कागद : नमुना सतरा-सी.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष यंत्र बंद करतो आणि ह्या नमुन्यात नियंत्रण यंत्राचा क्रमांक, केंद्राला नेमून दिलेले मतदार, नोंदवहीत सही केलेले मतदार आणि यंत्रात नोंदलेली मते लिहून त्याची साक्षांकित प्रत हजर असलेल्या प्रत्येक एजंटाला देतो. मोजणीच्या दिवशी टेबलावर यंत्राने दाखवलेली एकूण मते ह्या कागदाशी जुळली पाहिजेत. न जुळल्यास ते यंत्र बाजूला ठेवले जाते. एवढ्या प्रचंड व्यवस्थेत सामान्य माणसाच्या हातात प्रत्यक्ष पुरावा म्हणून पडणारी वस्तू ही एवढीच. आणि पक्षांचे एजंट ती घेण्यासाठी थांबत नाहीत, संध्याकाळी सहाच्या सुमारास जेवणाच्या आणि गाडीच्या घाईत निघून जातात, अशी खंत नायब तहसीलदारांनीही माझ्याजवळ बोलून दाखवली होती. लाखोंच्या सभा भरवणाऱ्या पक्षांना तेवीसशे माणसे एक कागद घेईपर्यंत बसवून ठेवता येत नसतील, तर मोजणीच्या रात्री संशयाशिवाय त्यांच्या हाती दुसरे काय उरणार? निकालावर शंका घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण ती निरसण्याचे साधन आपणच केंद्रावर टाकून यायचे, हे मला क्षम्य वाटत नाही.

हे शेतकरी थांबले होते. शेजारच्या घरातला, दुसऱ्या बाजूचा एजंटही थांबला होता. दोघांनी एकाच टेबलावरून आपापली प्रत घेतली आणि कंदिलाएवढ्या उजेडात शाळेच्या पायरीवर बसून आकडे ताडून पाहिले. निकालानंतर चार महिने दोन्ही घरांतले बोलणे बंद होते. पोळ्याला बैल वेगवेगळ्या वाटेने वेशीत गेले. पण ह्या केंद्राच्या आकड्यावरून दोघांत कधी वाद झाला नाही, असे ते म्हणाले. वाद बाकीच्या तेवीसशे केंद्रांचा होता.

चष्मा सापडत नव्हता म्हणून त्यांनी कागद माझ्या हाती दिला आणि वाचायला सांगितले. मी यंत्राचा क्रमांक वाचला, एकूण मते वाचली, केंद्राध्यक्षाची सही आहे असे सांगितले. त्यांनी मान डोलावली, जुन्याच घडीवर कागद दुमडला, पिशवीत घातला आणि सातबाऱ्याखाली ठेवून पेटीची कडी लावली.